गळकं छप्पर आणि शरीफसाहेबांचं गाणं

रमजानमध्ये माझा रोजा बहुतेक वेळा गाडीतच सुटतो. ठाण्याला टिटवाळा लोकल पकडायची, डोंबिवलीपर्यंत उभं राहायचं, कल्याणला गर्दी उतरली की टेकायचं. मग शहाड-आंबिवलीच्या मध्ये कुठेतरी घड्याळ बघून पर्समधला खजूर तोंडात टाकायचा. लेडीज डब्यातल्या नेहमीच्या बायकांना हे इतकं अंगवळणी पडलंय की वेळ झाली की त्याच विचारतात, "मॅडम, झाली ना वेळ? घ्या पाणी." एखादी आपल्या मांडीवरची पिशवी बाजूला करून जागा देते.

आमच्या डब्यात बायकांचं एक भजनी मंडळ आहे. टाळ पर्समधूनच निघतात. कल्याण सुटलं की गजर सुरू होतो तो टिटवाळा येईपर्यंत. माझ्या इफ्तारच्या वेळी या बायका दोन मिनिटं टाळ थांबवतात. कोणी सांगितलेलं नाही, कुठे ठरलेलं नाही. पहिल्या वर्षी मला फार अवघडायला झालं होतं. "अहो, चालू द्या तुमचं," असं मी म्हटलं, तर टाळवाल्या काकू म्हणाल्या, "तुम्ही दुआ मागा. आमचा विठोबा कुठे पळून जातोय?"

गेल्या आठवड्यात याच काकूंनी पाण्याची बाटली परत देता देता विचारलं, "मॅडम, तुमच्यात नाहीत का हो अशी गाणी? आमच्या भजनासारखी?"

मी म्हटलं, कव्वाली आहे, नात आहे, हम्द आहे.

"ते नाही. कव्वालीला केवढा तो थाट लागतो. घरात भांडी घासताना म्हणावं असं काही?"

मी मोबाइल काढला. आमच्या घरी रमजानमध्ये गाणी ऐकायची नाहीत असा अम्मीच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. संगीताबद्दल आमच्यात मतं अनेक आहेत. चिश्ती सूफींनी ते इबादतीचा भाग मानलं, इतर कित्येकांनी त्याला दूर ठेवलं. अम्मीने या वादात न पडता महिनाभर रेडिओवर कापड टाकून ठेवलं, इतकंच. ते मी पाळते. पण दुसऱ्याला ऐकवू नये असं अम्मी कधी म्हणाली नव्हती. म्हणून इअरफोनची दोन्ही टोकं मी काकूंच्या कानात घातली आणि रघु दीक्षितचं 'सोरुतिहुदु मनिय माळिगी' लावलं.

काकू आधी मान हलवत राहिल्या. मग एकदम डोळे मोठे केले. "अगं बाई, हे तर कानडी! घर गळतंय म्हणतोय की हा!"

काकूंचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या जतचं. तिकडे दारात आलेल्याची भाषा कोणती, हे तो बोलायला लागल्यावरच कळतं. गाणं संपेपर्यंत त्यांनी इअरफोन काढला नाही. टिटवाळा आलं तेव्हा त्यांचे दोन प्रश्न होते. गाणारा कोण आणि लिहिणारा कोण? उतरायच्या घाईत मी पहिल्याचं उत्तर अर्धं दिलं, दुसऱ्याचं दिलंच नाही. तेच आज सविस्तर लिहिते आहे.

गाणारा तसा आपल्या जवळचा. रघुपती द्वारकानाथ दीक्षित याचा जन्म १९७४ साली नाशिकला झाला, वाढला मात्र म्हैसूरला. घर सनातनी वळणाचं. मुलगा भरतनाट्यम रीतसर शिकलेला आणि अभ्यासात इतका हुशार की सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला त्याने सुवर्णपदक मिळवलं. गिटार त्याच्या हातात आली ती चिडवण्यातून. नाचणारा मुलगा म्हणून कॉलेजात एका मित्राने डिवचलं, तेव्हा याने पैज मारली की दोन महिन्यांत गिटार वाजवून दाखवीन. घरी गिटार आणायची सोय नव्हती, ते परक्यांचं वाद्य. मग तो शिकला कुठे? ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतल्या मुलांकडे. ही हकिगत त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. मला ती आवडते, कारण पुढे त्याच्या बँडमध्ये जे झालं ते सगळं या एका गोष्टीत आधीच आलेलं आहे.

पुढे नोकरी, नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये वास्तव्य, आणि मग सगळं सोडून गाणं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने 'अंतराग्नी' नावाचा बँड काढला होता. तो २००५ च्या सुमारास फुटला, तेव्हा त्याने 'द रघु दीक्षित प्रोजेक्ट' सुरू केला. प्रोजेक्ट म्हणजे उघड्या दाराचं घर. वादक येतील, वाजवतील, जातील, गाणी राहतील. बासवर गौरव वाझ, गिटारवर विजय जोसेफ, त्यांच्याबरोबर बासरी आणि ड्रम, आणि पुढे लुंगी नेसलेला, पायात घुंगरू बांधलेला हा गडी. कॅसेट आणि सीडीच्या कंपन्यांनी त्याला वर्षानुवर्षं दारातून परत पाठवलं. कारण सरळ होतं. रॉक म्हणावं तर भाषा कानडी, लोकसंगीत म्हणावं तर हातात गिटार. दुकानात ठेवायचं कुठल्या फळीवर?

फळी मिळाली ती मुंबईत. विशाल-शेखर या संगीतकार जोडीने त्याला ऐकलं आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीने २००८ मध्ये त्याचा पहिला अल्बम काढला. त्यानंतरचा चढ मात्र सरळ उभा आहे. २०१० मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात तो गायला. हा कार्यक्रम म्हणजे तिकडच्या रसिकांची शिफारसच. त्यानंतर इंग्लंडात जागतिक संगीताच्या विक्रीयादीत त्याचा अल्बम वर गेला. २०११ मध्ये 'साँगलाइन्स' या नियतकालिकाने नवोदितांचा पुरस्कार दिला, त्याच साली ग्लास्टनबरीच्या चिखलातल्या महोत्सवात हजेरी झाली. मग हिंदी, कन्नड, मल्याळम चित्रपटांचं संगीत आणि २०१३ मध्ये 'जग चंगा' हा दुसरा अल्बम. पण मूळ धंदा फिरतीचाच राहिला. आज या शहरात, उद्या त्या देशात, व्हॅनमध्ये झोप आणि स्टेजवर घाम. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाला किंवा कीर्तनकाराला हे सगळं नवं वाटणार नाही.

हे बँड काही एकटे उगवले नाहीत. दिल्लीचा 'इंडियन ओशन' १९९० चा. त्यांनी २००० साली 'कंदिसा' नावाच्या अल्बममध्ये सिरियाक ख्रिस्ती प्रार्थना गिटारवर आणली आणि कॉलेजची पोरं अर्थ न कळता ती गुणगुणू लागली. बंगळुरूचा 'स्वरात्मा' आहे, मुंबईचा 'कबीर कॅफे' तर नावासकट कबीराचा. या सगळ्यांना कधी ना कधी एक गोष्ट कळलेली दिसते. गिटार बाहेरून आणता येते, पण म्हणायचं काय, ते घरातूनच काढावं लागतं. रघु दीक्षितच्या घरात, म्हणजे कन्नड मुलखात, जे सापडलं त्याचं नाव शरीफ.

आता काकूंचा दुसरा प्रश्न.

संत शिशुनाळ शरीफ. जन्म ३ जुलै १८१९, मृत्यू ३ जुलै १८८९. तारीख तीच, मध्ये बरोबर सत्तर वर्षं. गाव शिशुनाळ, आजच्या हावेरी जिल्ह्यात शिग्गाव तालुक्यात. त्या वेळी तो धारवाडकडचा मुलूख, म्हणजे आपल्याच मुंबई इलाख्यातला. वडील इमामसाहेब, आई हज्जुमा. हुलगूरच्या खादर शाह वलींच्या दुआने हा मुलगा झाला अशी श्रद्धा. थोडं शिक्षण झालं, काही काळ शाळामास्तरकी केली. लग्न झालं, पण बायको आणि लेक दोघीही लवकर गेल्या. मग मास्तर फिरस्ता झाला.

त्याचे गुरू होते कळस गावचे गोविंद भट्ट. जातीने ब्राह्मण, वृत्तीने अवलिया, सोवळंओवळं न जुमानणारे. त्यांच्या भेटीची कथा त्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. भट्टांनी पोराला विचारलं, तुझा बाप कोण रे? पोरगं म्हणालं, तुमचा जो तोच माझा. बसलेले लोक संतापले, भट्ट हसले आणि पोराला शिष्य करून घेतलं. पुढे भट्टांनी आपल्या गळ्यातलं जानवं काढून शरीफांच्या गळ्यात घातलं असंही सांगतात. कथा खरी किती, हे मी ठरवणारी कोण? पण दोन्ही समाज चिडले, हा कथेचा भाग मला अगदी खरा वाटतो. असं काही झालं की आधी चिडायचं आणि शंभर वर्षांनी उरूस भरवायचा, हे आपलं सर्वांचंच जुनं वळण आहे. शरीफ वारले तेव्हा अंत्यविधी दोन्ही रीतींनी झाले. आज त्यांच्या समाधीवर दोन्हींकडचे लोक येतात.

त्यांच्या गाण्यांना कन्नडमध्ये तत्त्वपद म्हणतात. एकतारीवर म्हणायची, तोंडोतोंडी पोचलेली गाणी. शब्द सगळे घरातले. एका गाण्यात हुक्का येतो आणि बघता बघता हुक्का म्हणजे माणसाचं शरीर होतं. एका गाण्यात कोंबडी माकडाला गिळते. कबीराच्या उलटबांसीत आणि आपल्या नाथांच्या कूट रचनांत जसं जग उलटं टांगलेलं असतं, तसंच. एका गाण्यात जगाची काळजी वाहतो म्हणणाऱ्याला चिमटा काढलेला आहे. आणि एक हे, छप्पर गळण्याचं. घर गळतंय, आणि ते शाकारायला वर चढणारं कोणी नाही. घर म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

मला हे गाणं समजून घ्यायला फार विचार करावा लागला नाही. टिटवाळ्याला आम्ही पहिल्यांदा राहायला आलो ते मांड्यात, पत्र्याच्या दोन खोल्यांत. पावसाळ्यात काळू नदी फुगली की गावाला धास्ती असते, पण आमची धास्ती वरून यायची. घरातली सगळी भांडी कुठे ठेवायची, हे जूनपासून पाठ असायचं. परात दाराजवळ, डेगची पलंगाखाली, सहरीची दुधाची पातेली मात्र कोरड्या कोपऱ्यात. एका रमजानात पाऊस आणि रोजे एकत्र आले होते. पहाटे तीनला अम्मी उठायची ती आधी परात रिकामी करायची आणि मग स्टोव्ह पेटवायची. अब्बा दरवर्षी म्हणायचे, या उन्हाळ्यात डांबर मारून घेऊ. उन्हाळ्यात छप्पर गळत नसे, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही राहत नसे. शरीफसाहेबांनी हीच गोष्ट धरली आहे. छप्पर गळतंय हे कळतं पावसात, आणि तेव्हा वर चढता येत नाही. वर्षातून एक महिना पाऊस नसतानाही शिडी लावून वर बघायला लावणारा, असं मी रमजानकडे बघते. पण हे माझं बघणं. कोणा आलिमला विचारून लिहिलेलं नाही.

शरीफसाहेब कन्नड घराघरांत पोचले त्याचं मोठं श्रेय जातं सी. अश्वथ यांना. भावगीताच्या त्यांच्या दणदणीत गळ्याने ही तत्त्वपदं रेडिओ-कॅसेटच्या काळात सगळीकडे नेली. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी 'संत शिशुनाळ शरीफ' हा चित्रपट काढला. श्रीधर शरीफ झाले आणि गोविंद भट्टांच्या भूमिकेत होते आपले गिरीश कर्नाड, माथेरानला जन्मलेले. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. म्हणजे रघु दीक्षितच्या हातात हे गाणं आलं तेव्हा ते मेलेलं नव्हतं, चांगलं धडधाकट होतं. त्याने त्याला फक्त आणखी लांबचा प्रवास घडवला.

मात्र या लांबच्या प्रवासात सामान हरवतं, ही माझी तक्रार आहे. ग्लास्टनबरीत नाचणाऱ्याला शब्द कळत नाहीत, ते ठीक. पण आपल्याकडेही या गाण्याखाली कोणी 'पारंपरिक' लिहितं, कोणी 'लोकगीत'. जणू ते शेतात आपोआप उगवलं. रघु दीक्षित स्टेजवरून शरीफांचं नाव घेतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नाव गळतं ते खाली, आपल्यात. काकूंना मी 'शरीफ' म्हटलं असतं तर त्या गाडीत काय झालं असतं, या विचाराने मीही उतरायच्या घाईचं निमित्त केलंच की. गाणं आवडलं होतं, तेवढ्यावर मला गोड शेवट हवा होता.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, 'मी टू'च्या वेळी यांचं नाव आलं होतं ना?" आलं होतं. २०१८ मध्ये महिलांनी त्याच्याबद्दल तक्रारी मांडल्या, गायिका चिन्मयी यांनी त्या पुढे आणल्या आणि त्याने जाहीर माफी मागितली. मुलगी म्हणाली, "मग आपण हे गाणं ऐकायचं का?" वर्ग शांत. मी तिला सांगितलं की ऐकायचं की नाही हे तू ठरव, आणि नाही ठरवलंस तर शरीफसाहेब अश्वथ यांच्या आवाजातही आहेत. ते तिला पुरेसं वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही वाटलं नाही. छप्पर कुणाकुणाचं गळतं, याची यादी करायला बसलं तर गाणारा सुटत नाही आणि ऐकणारेही सुटत नाहीत, पण तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. ती तो प्रश्न विचारते आहे, हे मला बरं वाटलं.

दुसरा प्रश्न एका मुलाने विचारला. तो स्वतः गिटार वाजवतो, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये त्याचा बँड असतो. "मॅडम, मराठीत नाही का कोणी शरीफ?"

आहे की. श्रीगोंद्याचे शेख महंमद. सोळाव्या-सतराव्या शतकातले. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ १६४५ मध्ये पुरा झाला. गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले सूफी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य, अशी परंपरा आहे. म्हणजे नाथ आणि शेख महंमद एका अर्थाने एकाच घराण्यातले. शेख महंमदांना वारकऱ्यांनी कबीराचा अवतार मानलं. श्रीगोंद्याला त्यांचं स्थान आहे, तिथे दोन्हींकडचे लोक जातात. रा. चिं. ढेऱ्यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' असं एक पुस्तकच लिहिलं, त्यात असे आणखी कितीतरी भेटतात. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकले, पण दोन्हींच्या वर्गात मला यांच्यापैकी कोणी भेटलं नाही. ढेऱ्यांचं पुस्तक मला रद्दीच्या दुकानात मिळालं.

कन्नडमध्ये अश्वथ झाले, चित्रपट झाला, मग बँड झाला. एका पिढीने दुसरीला गाणं हातोहात दिलं. आपल्याकडे शेख महंमद ग्रंथालयात राहिले. गळ्यात आले नाहीत असं नाही, पण श्रीगोंद्याच्या पंचक्रोशीबाहेर किती? गिटारवाल्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, भाषा खूप जुनी असेल." मी म्हटलं, ज्ञानोबांची काय कालची आहे? तिला चाल लावलीच ना हृदयनाथांनी? तो हसला आणि पुस्तक घेऊन गेला. अजून परत केलेलं नाही. विद्यार्थ्याने पुस्तक परत केलं नाही की मी नेहमी चिडते, या वेळी वाट बघते आहे.

काल गाडीत काकू भेटल्या. शहाड गेलं, मी खजूर खाल्ला, पाणी प्यायले, मग पर्स घट्ट धरून सांगून टाकलं. म्हटलं, परवाचं गाणं शरीफ नावाच्या माणसाचं आहे. मुसलमान होता. त्याचा गुरू ब्राह्मण होता.

काकू टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "हो, शरीफ. आमच्या दारात यायचे ना एकतारीवाले, ते घ्यायचे हे नाव. आजी त्यांना जोंधळे घालायची." मग शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघ, मी तुला म्हटलं नव्हतं परवा, कुठंतरी ऐकलंय म्हणून?" आणि मला, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं मॅडम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शेख महंमदांबद्दल सांगायला सुरुवात केली. काकूंनी मध्येच थांबवून पिशवीतून भजनाची वही काढली, मधलं कोरं पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "नुसतं सांगू नका, एखादा अभंग उतरवून द्या. चाल आम्ही बघतो."

मला तोंडपाठ एकही नव्हता. मी पानाच्या वर नुसतं नाव लिहिलं, 'शेख महंमद, श्रीगोंदे', आणि उरलेलं पान सोमवारी भरून देते म्हणाले. तोवर आंबिवली गेलं होतं. काकूंनी वही मिटली आणि टाळ पुन्हा सुरू झाले.